माइकवर ठेवलेला हात

मित्रांनो, तुम्ही मला टीव्हीवर पुष्कळदा पाहिलं असेल, पण माझ्याकडे कोणी बघत नाही. बातम्यांमध्ये एखादा बडा माणूस टेबलामागे बसून उत्तरं देत असतो, आणि त्याच्या टायच्या गाठीसमोर एक काळी, वाकडी मान दिसते, ती माझी. मी साक्षीदाराच्या टेबलावरचा माइक. आता जुना झालो. अमेरिकेतल्या एका राज्याच्या विधानभवनात माझं अख्खं आयुष्य गेलं. राज्य कोणतं ते मी सांगत नाही, तेवढी शिस्त अजून अंगात आहे.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या माइकला मराठी कुठून आली? ती मला एका बाईंनी दिली. त्यांचीच ही गोष्ट आहे. सभागृहातलं बोलणं अर्थातच इंग्रजीत चालायचं, पण ते मी तुम्हाला आपल्या भाषेतच सांगणार आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. केसासारखी बारीक तांब्याची तार, एक पातळ पडदा आणि त्यावर जाळीची टोपी, एवढाच माझा जीव. तपासणीवरच्या बाईंनी तोंड माझ्याजवळ आणून ‘हॅलो’ म्हटलं, कान देऊन ऐकलं आणि मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी. मग खोक्यात बसून मी विधानभवनात आलो. तिथे ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या डॅरेलने मला साक्षीदाराच्या टेबलावर घट्ट बसवलं आणि फडक्याने पुसून म्हणाला, “चला, आता खरं बोलायला लावा लोकांना.” डॅरेल भाबडा होता.

माझ्या पायाशी एक बटण आहे आणि गळ्यात एक कडं आहे. बटण दाबलं की कडं लाल होतं आणि समोरच्याचा आवाज सभागृहभर जातो. पुन्हा दाबलं की कडं विझतं. लोकांना वाटतं, कडं विझलं म्हणजे माझे कान मिटले. तसं नसतं, मित्रांनो. ऐकू मला सारखंच येतं, फक्त पुढे कोणाला सांगता येत नाही. एवढं ध्यानात ठेवा.

सुरुवातीची वर्षं मजेत गेली. मधमाश्या पाळणारे एक आजोबा आले, ते माझ्याशी इतकं हळू बोलले की जणू मी पोळंच आहे. शाळेचं छत गळतं म्हणून तक्रार करायला मुलं आली, त्यांनी आधी माझ्यावर फुंकर मारली आणि मग स्वतःच हसली. खाणीत नवरा गमावलेली एक बाई आली आणि नुसतीच रडली, तेही मी नीट पोचवलं. “या टेबलाचा आवाज सगळ्यात स्वच्छ,” असं सगळे म्हणायचे. माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मंत्री आले की मात्र माझी चव जायची. मंत्री उघडउघड खोटं बोलत नाहीत, तेवढे ते शिकलेले असतात. ते वेळ मारून नेतात. ‘आकडे आत्ता हाताशी नाहीत’, ‘प्रकरणाची चौकशी सुरू आहे’, ‘लेखी उत्तर देऊ’, ही वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत की समोर माणूस नसला तरी मी ती म्हणू शकेन. प्रश्न फारच अडचणीचा आला, तर मंत्री एक गोष्ट करतात. बटण दाबून मला बंद करतात, वर माझ्या तोंडावर तळहात ठेवतात आणि मागे वळून सहायकाशी कुजबुजतात. त्या हाताला कधी अत्तराचा वास असतो, कधी घामाचा.

आमच्या राज्याच्या न्यायखात्याच्या प्रमुखांना इथे सेक्रेटरी म्हणतात, आपण न्यायमंत्रीच म्हणू. नाव त्यांचं हॅल्ब्रुक. उंच, पांढऱ्या केसांचे, आवाज मधासारखा. त्यांच्या काळात एक नवा कायदा झाला. रस्त्यावर अडवलेल्या माणसाला पोलीस त्याच्या नागरिकत्वाबद्दल विचारू लागले, आणि शंका आली तर त्याला कोठडीत ठेवू लागले. शंका कशावरून यावी, हे कायद्यात लिहिलेलं नव्हतं. ते पोलिसांच्या डोळ्यांवर सोडलं होतं.

या कायद्याबद्दल समितीने मंत्र्यांना प्रश्न विचारायचा दिवस ठरला. त्या सकाळी सभागृह रिकामं असतानाच एक जोडपं येऊन माझ्यामागच्या पहिल्या रांगेत बसलं. बाई पंचेचाळिशीच्या, डोळे सुजलेले, मांडीवर स्वेटर घडी करून ठेवलेला. त्या हिमानी. शेजारी नवरा देवदत्त, सारखा फोन बघणारा. मी बंद होतो आणि ऐकत होतो.

“स्वेटर कशाला आणलास?” देवदत्तने विचारलं.

“बाबांना तिथे एसी सहन होत नसेल. आज ॲड्रेस कळला तर डायरेक्ट तिकडेच जाऊ ना.”

“हिमानी, होप जास्त ठेवू नकोस, यार.”

“मग काय करू? घरी बसून कॉल होल्डवर ठेवू? ते झालंय करून.”

तेवढ्यात समितीतली एक तरुण सदस्य खाली उतरून आली. तिचं नाव अदिती. ती इथेच जन्मलेली, हिमानीबाईंच्या मतदारसंघातून निवडून आलेली. मराठी तिला जपून बोलावं लागायचं.

“हिमानीताई, मी विचारणार. प्रॉमिस. पण मला फक्त फाइव्ह मिनिट्स मिळतात. मला परत एकदा सांगा, त्या दिवशी काय झालं?”

मग हिमानीबाईंनी सांगितलं आणि मीही पहिल्यांदा ऐकलं.

त्यांचे वडील प्रल्हादकाका. विदर्भातल्या आर्वीचे. वीज मंडळात इंजिनिअर होते. बायको गेल्यावर मुलाकडे टेक्ससमध्ये फ्रिस्कोला आले आणि तिथेच राहिले. नागरिकत्वाची शपथ घेतली त्या दिवशी त्यांनी हॉलमधल्या सगळ्यांना पेढे वाटले. दारावरच्या गार्डने डबा उघडायला लावला, तर त्यालाही दोन दिले. तेव्हापासून घरात कोणी अमेरिकेला नावं ठेवली की काका म्हणायचे, “आपल्या देशाबद्दल असं बोलू नये.” आपल्या म्हणजे कोणत्या, असं नातवंडं चिडवायची.

पासपोर्ट मिळाल्या दिवशीच त्यांनी तो बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला. आपल्याकडच्या जपणाऱ्या माणसाला वस्तू जितकी मोलाची, तितकी ती घरापासून लांब बरी वाटते. खिशात घेऊन हिंडायची ती वस्तू आहे का, असं त्यांचं म्हणणं. लॉकर फ्रिस्कोला होता आणि काका लेकीकडे राहायला आमच्या राज्यात आले होते.

त्या दिवशी ते हिमानीबाईंची गाडी घेऊन कोथिंबीर आणायला निघाले. गाडीचा मागचा दिवा फुटलेला होता. पोलिसाने गाडी थांबवली. इथे गाडी थांबवली की हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहायचं असतं. हे काकांना शंभरदा सांगितलेलं होतं. पण दारात अधिकारी उभा आहे आणि आपण बसून बोलायचं, हे त्यांच्या अंगवळणीच पडलं नव्हतं. ते दार उघडून खाली उतरले आणि त्यांनी हात जोडले. पोलीस ओरडला. काका आणखी घाबरले आणि आणखी वाकले.

मग पोलिसाने विचारलं, “कुठले तुम्ही?”

मित्रांनो, हा प्रश्न मराठी माणसाला विचारून बघा. तो कधीही राहत्या घराचा पत्ता सांगणार नाही. तीस वर्षं ठाण्यात राहिलेला माणूसही ‘आम्ही मूळचे साताऱ्याचे’ म्हणतो. काकांनीही तसंच आदराने उत्तर दिलं, “आर्वी. जिल्हा वर्धा. इंडिया.”

पोलिसाला तेवढं पुरलं. मी इथला नागरिक आहे, हे काकांनी नंतर सांगितलं, पण मग पासपोर्ट कुठे आहे? तर लॉकरमध्ये, दुसऱ्या राज्यात. काकांना बेड्या घालून नेलं.

“देवदत्त त्याच रात्री फ्रिस्कोला गेला,” हिमानीबाई सांगत होत्या. “दादाने सकाळी लॉकर उघडून पासपोर्ट दिला. आम्ही तो घेऊन जेलमध्ये गेलो, तर म्हणे ट्रान्सफर केलं. कुठे? ते सांगत नाहीत. दुसरा आठवडा चाललाय. अदिती, त्यांना दिवसातून दोनदा इन्सुलिन लागतं गं. त्यांचं नाव तरी यांच्याकडे आहे का? मला दुसरं काही नको. ते कुठे आहेत, एवढंच विचार.”

“एवढंच विचारते,” अदिती म्हणाली आणि वर आपल्या जागेवर गेली.

सभागृह भरलं. कॅमेरे लागले. हॅल्ब्रुकसाहेब आले, बसले आणि त्यांनी बटण दाबलं. माझं कडं लाल झालं. पोलीस माणसाच्या रंगावरून अडवतात का? “अजिबात नाही.” किती नागरिकांना चुकून पकडलं? “आकडे हाताशी नाहीत.” कोठडीत डॉक्टर असतात का? “उत्तम व्यवस्था आहे.” माझ्यामागे हिमानीबाईंचा श्वास मला ऐकू येत होता. प्रत्येक उत्तराला तो जरा अडखळत होता.

मग अदितीची पाळी आली. तिने कागद बाजूला सारला.

“मंत्रिमहोदय, प्रल्हाद देवतळे नावाचे एक ज्येष्ठ नागरिक तुमच्या खात्याच्या ताब्यात आहेत. ते अमेरिकेचे नागरिक आहेत. त्यांचा पासपोर्ट घेऊन त्यांची मुलगी तुमच्या मागे बसली आहे. माझा एकच प्रश्न आहे. ते या क्षणी कुठे आहेत?”

“वैयक्तिक प्रकरणांवर मी जाहीर बोलू शकत नाही.”

“मी मत विचारत नाही, पत्ता विचारते आहे.”

सभागृहात कुजबुज झाली. मंत्र्यांनी घसा खाकरला. “मला एक क्षण द्या,” ते म्हणाले. बटण दाबलं गेलं, कडं विझलं आणि गरम तळहात माझ्या तोंडावर आला. मंत्री मागे वळले. सहायक खुर्ची ओढून त्यांच्या कानाशी लागला.

“कुठे आहे हा माणूस?” मंत्र्यांनी विचारलं.

“हॉस्पिटलमध्ये, सर. शनिवारपासून. इथून गाडीने तासाभरावर. इन्सुलिन वेळेवर मिळालं नाही. शुद्धीवर नाही.”

“खरंच नागरिक आहे?”

“हो सर. दुसऱ्याच दिवशी तपासून झालं होतं. सोडायचं राहून गेलं.”

त्या क्षणी मला वाटलं, हा माणूस आता हात उचलेल आणि सांगून टाकेल. मग ते म्हणाले, “आज नको. कॅमेरे आहेत. उद्या घरच्यांना कळवा, शांतपणे.”

मित्रांनो, बाप तासाभराच्या वाटेवर होता. लेक माझ्यामागे हाताच्या अंतरावर होती. तिच्या मांडीवर स्वेटर होता. आणि मला सगळं माहीत होतं. माझ्या तारेतून ते शब्द खालपर्यंत गेले आणि बटणाशी येऊन अडले. मला इतकं कोंडल्यासारखं झालं की पुढे काय झालं ते मलाही नीट उमगलं नाही. मंत्र्यांनी पुन्हा बटण दाबलं तेव्हा माझ्यातून मोठी घरघर निघाली. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. मागच्या खोलीत डॅरेलला वाटलं वायर सैल झाली असेल. त्याने माझा आवाज कमी केला.

त्या कमी केलेल्या आवाजात मंत्री म्हणाले, “सन्माननीय सदस्यांनी उपस्थित केलेला मुद्दा गंभीर आहे. माझं खातं यावर लवकरच लेखी उत्तर देईल.”

अध्यक्षांनी वेळ संपल्याचं सांगितलं. अदिती उभी राहून काहीतरी बोलत होती, पण तिचा माइक अध्यक्षांनी बंद केला होता.

सभागृह रिकामं झालं तरी हिमानीबाई बसून होत्या.

“लेखी म्हणजे उद्यापर्यंत येईल ना?” त्यांनी विचारलं.

“येईल. चल, पोरीला पिकअप करायचंय,” देवदत्त म्हणाला.

जाताना त्या माझ्याशेजारून गेल्या आणि थांबल्या. स्वेटरची बाही टेबलाला घासली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मंत्र्यांचा हात जिथे होता तिथे पाहिलं. मग त्या निघून गेल्या. प्रल्हादकाका त्याच संध्याकाळी गेले. त्यांच्या खाटेजवळ घरचं कोणी नव्हतं.

लेखी उत्तर आलं, मित्रांनो. कायद्याने दिलेल्या मुदतीत आलं. अदितीने ते पुढच्या बैठकीत वाचून दाखवलं. त्यात एकच ओळ होती. ‘सदर व्यक्ती सध्या खात्याच्या ताब्यात नाही.’ अक्षर न् अक्षर खरं होतं. सभागृहात कोणालाही कोणाकडे बघवेना.

त्या बैठकीला मंत्री पुन्हा आले. काळा सूट, आवाज आणखी मऊ. “घडलं ते दुःखद आहे. पण मागच्या बैठकीच्या दिवशी मला या प्रकरणाची कोणतीही माहिती नव्हती,” असं ते म्हणाले. माझ्यात बोलून म्हणाले. त्याच जाळीत, त्याच तोंडाने. आणि मी काय केलं? मी ते खोटं अगदी स्वच्छ आवाजात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलं. सगळ्यात स्वच्छ आवाजाचा माइक म्हणून माझी ख्याती होती ना! त्या दिवशी मला माझ्या त्या ख्यातीची शिसारी आली.

मंत्री बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि हिमानीबाईंना साक्षीला बोलावलं. खुर्ची अजून मंत्र्यांच्या अंगाने कोमट असावी, कारण बसताना त्या जराशा दचकल्या. त्यांनी बटण दाबलं. कडं लाल झालं.

समितीच्या चिटणिसांनी नेहमीचा प्रश्न विचारला. तो प्रत्येक साक्षीदाराला विचारतात, त्यात वाईट काही नसतं. “आपलं नाव सांगा, आणि आपण कुठल्या?”

हिमानीबाई बोलेचनात. मी ती शांतता सगळीकडे पोचवली. पंख्याचा आवाज, कोणाचं तरी खोकणं, त्यांचा श्वास. चिटणिसांनी प्रश्न पुन्हा विचारला.

“हिमानी देवतळे,” त्या म्हणाल्या. “आर्वी. जिल्हा वर्धा.”

“म्हणजे इथला पत्ता—”

“माझ्या बाबांनी हेच उत्तर दिलं होतं. लिहून घ्या. मी या देशाची नागरिक आहे आणि मी आर्वीची आहे. तेही तसेच होते.”

चिटणिसांनी मान खाली घालून लिहून घेतलं. मग हिमानीबाई बाजूला वळल्या, थेट हॅल्ब्रुकसाहेबांकडे.

“मला निवेदन करायचं नाही. मला एक विचारायचं आहे. मी त्या दिवशी तुमच्या मागेच बसले होते. अदितीने पत्ता विचारल्यावर तुम्ही या माइकवर हात ठेवलात. हात ठेवून तुम्ही काय बोललात?”

सहायक बुटांकडे बघू लागला. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी नेमका तो प्रश्न विचारला होता ज्याचं उत्तर फक्त माझ्याकडे होतं. मला वाटलं, आता तरी.

“साक्षीदाराला प्रश्न विचारता येत नाहीत,” अध्यक्ष म्हणाले. “कृपया निवेदनापुरतं बोला.”

“फक्त एवढंच सांगा. तुम्हाला माहीत होतं का? मी एका तासात पोचले असते.”

अध्यक्षांच्या टेबलावर एक कळ असते, तिने सगळे माइक वरून बंद करता येतात. ती त्यांनी दाबली. माझं कडं विझलं. समोर हिमानीबाईंचे ओठ हलत राहिले आणि सभागृहाला काही ऐकू येईना. त्यांच्या ते ध्यानात आलं. तरी त्या थांबल्या नाहीत. माझ्या जवळ वाकल्या, अगदी जाळीला ओठ टेकतील इतक्या, आणि इंग्रजी सोडून आपल्या भाषेत बोलल्या.

“बाबा, मी मागेच बसले होते हो. स्वेटर पण आणला होता.”

हीच ती मराठी, मित्रांनो. ज्यांनी ती ऐकायला हवी होती त्यांच्यापर्यंत ती पोचली नाही. मी एकट्याने ऐकली आणि ठेवून घेतली.

त्यानंतर लवकरच मला काढलं. घरघर करतो, असा शेरा माझ्यावर होता. डॅरेलने स्क्रू सोडवले, फडक्याने पुसलं आणि खोक्यात ठेवलं. आता मी तळघराच्या फडताळात आहे. माझ्या जागी नवा माइक आला आहे. त्याला बटणच नाही म्हणतात. त्याने केव्हा ऐकवायचं आणि केव्हा नाही, ते सगळं अध्यक्षांच्या हातात आहे. हॅल्ब्रुकसाहेब अजून मंत्री आहेत. वरून चालण्याचे आवाज येतात तेव्हा वाटतं, त्यांचेच असतील.

आत्मवृत्त सांगणाऱ्याने शेवटी काही मागायचं असतं. मला पुसून ठेवा, माझी वायर गुंडाळू नका, असं मी मागू शकलो असतो. पण जाळीवर धूळ बसल्याने कोणी मरत नाही. माझं मागणं दुसरंच आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल आणि अशाच कुठल्या तरी सभागृहात बसाल, वरच्या रांगेत किंवा मागच्या. समोरचा माणूस माइकवर हात ठेवून मागे वळेल. तेव्हा शिस्तीत गप्प बसू नका. उभे राहा आणि त्याला हात उचलायला सांगा. तिथल्या तिथे सांगा, मित्रांनो. नंतर फक्त लेखी उत्तर येतं.